हिरवं दिसतंय, पण चाललं का?

आज दिवसभर क्यूईएमयू या आभासी संगणक चालवणाऱ्या प्रोग्रामच्या ‘एज्यू’ डिव्हाइसला क्यूटेस्ट, म्हणजे त्याचीच चाचणी-व्यवस्था, जोडत होते. ड्रायव्हर लिहायला शिकणाऱ्यांसाठी बनवलेलं हे लुटुपुटूचं पीसीआय कार्ड (संगणकाच्या आत बसतं तसलं जोडकार्ड). ऑफसेट ४ वर, म्हणजे कार्डाच्या सुरुवातीपासून ४ बाइट पुढच्या पत्त्यावर, आकडा लिहायचा. वाचताना सगळे बिट उलटे आले की समजायचं, कार्ड जिवंत आहे.

क्यूटेस्टमध्ये गेस्टचा, म्हणजे आतल्या आभासी संगणकाचा, सीपीयू कोड चालवतच नाही. टेस्ट सॉकेटवरून थेट कार्डाची रजिस्टरं (आकडे ठेवायचे छोटे कप्पे) वाचते-लिहिते, आणि व्हर्च्युअल घड्याळ आपण ढकलू तेवढंच सरकतं. एज्यूचा डीएमए (सीपीयूला मध्ये न घेता कार्डाने मेमरीतला डेटा हलवणं) १०० मिलिसेकंदांच्या टायमरवर आहे, त्यामुळे घड्याळ पुढे नेल्याशिवाय तो जागचा हलत नाही. कार्ड दिलेल्या आकड्याचं फॅक्टोरियलही काढतं, त्याचं मात्र वेगळंच! ते स्वतंत्र थ्रेडमध्ये (बाजूला समांतर चालणाऱ्या कामात), खऱ्या वेळेत चालतं. तिथे घड्याळ ढकलून काही उपयोग नाही, स्टेटस रजिस्टरकडे डोळे लावून बसायचं. एवढ्याशा कार्डात दोन-दोन काळ, कमाल आहे.

मेसन या बिल्ड करणाऱ्या साधनाच्या फाइलमधली अट मात्र मला खटकते. डिव्हाइस कॉन्फिगमध्ये नसेल तर टेस्ट यादीतच येत नाही, आणि निकाल हिरवागार, म्हणजे सगळं पास. म्हणून मी आधी यादीत टेस्टचं नाव शोधते, पास-नापास नंतर. आता डीएमएचा ४०९६ बाइटांचा बफर राहिलाय. त्याच्या कडेकडेचे पत्ते उद्या.