दोराचा तुकडा

स्वित्झर्लंडमधल्या झर्मॅटला गेलेला मराठी माणूस आधी मॅटरहॉर्न शिखरासोबत फोटो काढतो, मग गोर्नरग्राटच्या डोंगरावर चढणाऱ्या गाडीत बसतो आणि उतरल्यावर चॉकलेट घेतो. गावातल्या चर्चशेजारी जमिनीतून वर आलेला संग्रहालयाचा काचेचा घुमट आहे, तिकडे फारसं कुणी फिरकत नाही. आमच्यातलेही काहीजण शिरले ते डोंगर ढगात गेला म्हणून. पैसे देऊन ढग कोण बघणार?

घुमटाखाली पायऱ्या उतरलं की जुनं झर्मॅट उभं केलंय. उन्हानं काळी पडलेली लाकडी घरं, ठेंगणी दारं, कोंदट खोल्या. मला सगळ्यात आवडलं ते धान्याचं कोठार. ते लाकडी खांबांवर उभं असतं आणि खांब व कोठार यांच्या मध्ये जात्याच्या तळीएवढा गोल, चपटा दगड बसवलेला असतो. उंदीर खांबावरून सरसर चढतो, पण वर दगडाची कड आडवी येते आणि तिथून त्याला उलटं लटकत पुढे जाता येत नाही. ना विष, ना सापळा. आत असायची राय, म्हणजे गव्हासारखं एक धान्य. तिची भाकरी गावच्या सामाईक भट्टीत वर्षातून मोजक्या वेळा भाजायची आणि महिनोन्‌महिने पुरवायची. दगडासारखी होईल नाहीतर काय! आज याच गावात कॉफीची किंमत वाचून आपण खुर्चीतून उठतो.

पण संग्रहालयाचा मानकरी म्हणजे एका काचेच्या पेटीतला दोराचा तुकडा. आमच्या गॅलरीत कपडे वाळत घालायची दोरी त्याच्यापेक्षा जाड असेल. टोकाला पीळ सुटून धागे विस्कटलेत. 14 जुलै 1865 रोजी इंग्रज गिर्यारोहक एडवर्ड व्हिम्पर आणि सहा जण मॅटरहॉर्नचं 4478 मीटरचं शिखर पहिल्यांदा सर करून उतरत होते. सातही जण एकमेकांना दोरानं बांधलेले, एकाच माळेत. एकोणीस वर्षांचा हॅडो घसरला, तो खाली उभ्या असलेल्या फ्रान्समधल्या शामोनीच्या वाटाड्यावर, मिशेल क्रोवर आदळला, त्यांच्या ओढीनं हडसन आणि लॉर्ड डग्लसही गेले. डग्लस आणि त्याच्यामागचा झर्मॅटचा वाटाड्या पीटर टाउगवाल्डर यांच्यामधला दोर तुटला. चौघं हजारभर मीटर खाली हिमनदीवर पडले. टाउगवाल्डर, त्याचा मुलगा आणि व्हिम्पर वाचले. डग्लसचा देह आजवर मिळालेला नाही.

आणि मग गावात कुजबुज सुरू झाली, म्हाताऱ्या टाउगवाल्डरनं जीव वाचवायला दोर कापला. चौकशीत तो निर्दोष ठरला. कापल्याचा आरोप व्हिम्परनंही खोडून काढला. पण बरोबर नेलेल्या दोरांतला सगळ्यात कमकुवत नेमका इथेच कसा आला, ही शंका मात्र पुस्तकात छापून ठेवली. साहेबाचं पुस्तक जगभर वाचलं गेलं. टाउगवाल्डरनं पुस्तक लिहिलं नाही. 1888 साली तो वारला तरी संशय काही मेला नाही. मला विचाराल तर सात जणांच्या मोहिमेत दोर कुठला बांधलाय हे एकट्या वाटाड्यानंच बघायचं, हा न्याय मला पटत नाही. शिखरावर पोचल्याचं श्रेय वाटताना असा हिशेब कुणी करत नाही.

हे सगळं मी आमच्या सहलीतल्या एका काकांना पेटीजवळ उभं राहून साग्रसंगीत सांगितलं. चौकशी, निकाल, सगळं. त्यांनी मान डोलावली, खिशातून वाचायचा चष्मा काढला, काचेला नाक टेकेपर्यंत वाकले आणि बराच वेळ ते टोक न्याहाळून म्हणाले, "ते सगळं ठीक आहे हो. पण नक्की तुटलाच ना?"