तुम्ही विचारलेत म्हणून: मुलांसाठी टॅब कोणता घ्यावा?

गोव्यात फोंड्याजवळच्या एका मराठी प्राथमिक शाळेत मी शिकवते. गणेशचतुर्थीची खरेदी सुरू झाली की पालक हमखास विचारतात, "टीचर, लहान मुलांसाठी म्हणून जो टॅब मिळतो तो घ्यावा, की साधा?" माझे उत्तर ठरलेले आहे: साधाच घ्यावा, मात्र तो दुरुस्तीची सोय असलेल्या कंपनीचा आणि किमान ४ जीबी रॅम व ६४ जीबी स्टोरेजचा असावा.

हे मी अनुभवाने सांगते. भाचीला आम्ही गुलाबी फोमच्या कव्हरातला, २ जीबी रॅमचा एक स्वस्त टॅब दिला होता. वर्षभरात त्यातली जागा भरली, आणि अक्षरे गिरवण्याचे ॲप उघडेपर्यंत त्या पोरीचा उत्साह मावळून जाई. पुढे चार्जिंगची पिन सैल झाली, तर तो सुटा भाग कुठेच मिळेना. मुलांचा म्हणवणाऱ्या टॅबमध्ये बहुधा कव्हर आणि सॉफ्टवेअर एवढेच वेगळे असते, आतले यंत्र साधेच असते, हे मला तेव्हा कळले. आणि या दोन्ही गोष्टी साध्या टॅबलाही जोडता येतात.

उदाहरणार्थ, सॅमसंगचा गॅलेक्सी टॅब ए९ हा २०२३ साली आलेला, ८.७ इंची पडद्याचा टॅब लहान हातांना पेलतो, त्यात मेमरी कार्ड बसते, आणि सॅमसंग किड्स ही फक्त मुलांची ॲप दाखवणारी सोय त्यात असल्यामुळे पिन क्रमांक दिल्याशिवाय मूल त्याबाहेर जाऊ शकत नाही. बहुतेक अँड्रॉइड टॅबवर गूगलचे फॅमिली लिंक हे पालकांसाठीचे ॲप मोफत मिळते. १३ वर्षांखालील मुलाचे खाते त्याला जोडले की वेळेची मर्यादा, झोपेची वेळ आणि नव्या ॲपची परवानगी आपल्या फोनवरून देता येते. ॲमेझॉनच्या फायर किड्स या मुलांच्या टॅबला अमेरिकेत २ वर्षांची हमी असते आणि मुलाने तो फोडला तरी बदलून मिळतो, ही गोष्ट मला मनापासून आवडते. पण त्यात गूगल प्ले स्टोअर नसते, त्यामुळे परदेशातल्या नातेवाइकांकडून मागवण्यापूर्वी आपल्याला हवी असलेली ॲप त्यावर मिळतात का, हे आधी पाहावे.

पडदा किती झळकतो यापेक्षा त्यावर मूल काय वाचणार, याची मला अधिक काळजी वाटते. प्रथम बुक्स या संस्थेच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी आणि कोंकणी दोन्ही भाषांतल्या चित्रकथा मोफत आहेत. त्यातल्या काही आधीच उतरवून ठेवाव्यात, कारण आपल्याकडे पावसाळ्यात वीज गेली की घरचे वाय-फायही जाते.

बालवाडीतल्या मुलासाठी विचारत असाल, तर तूर्त घेऊ नका, असेच मी म्हणेन. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २ ते ५ वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला फार तर १ तास, तोही मोठ्यांच्या देखरेखीखाली, असे सांगितले आहे. तेवढ्यासाठी घरातला तुमचा फोन पुरतो.