बॅग बघायची ती उलटी करून

कोल्हापुरातून बाहेरगावी निघालेल्या माणसाची बॅग त्याच्या एकट्याची कधीच नसते. पुण्याच्या आत्याला कांदा-लसूण चटणी, बेंगळुरूच्या भाच्याला गूळ, कुणाच्या तरी व्याह्यांना नऊ नंबरची चप्पल. जाहिरातीत ती सडपातळ बाई एका बोटानं बॅग ढकलत काचेच्या दारातून निघून जाते ना, तिला मी मनातल्या मनात दर वेळी विचारते, बाई, आत गुळाचा रवा, म्हणजे ढेप, आहे का? नसेल तर तुझं आणि माझं दुकान वेगळं.

मी शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत क्वालिटी बघते. गिऱ्हाइकानं कास्टिंग, म्हणजे साच्यात ओतलेला धातूचा भाग, परत पाठवतो म्हटलं की बॅग भरायची आणि पळायचं. चाकण, बेंगळुरू, कधी कोइमतूर. त्यामुळं रात्री जेवून कावळा नाक्यावर बसची वाट बघत उभं राहणं हा माझ्या नोकरीचाच भाग. तिथं उभ्या-उभ्या मी माणसं बघत नाही, बॅगा बघते. क्लीनर बॅग डिकीत ठेवत नाही, फेकतो. त्याच्यावर राग धरण्यात अर्थ नाही, गाडी सुटायला पाच मिनिटं आणि समोर पन्नास डाग. फेकलेल्या बॅगेवर दुसरी पडते, दुसरीवर कुणाचं तरी तांदळाचं पोतं, आणि मग पुण्यापर्यंत सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर हायवेचे गचके. कंपन्या आपापल्या प्रयोगशाळेत बॅगा आपटून बघतात म्हणे. आपटू देत. कावळा नाक्यावर निकाल लगेच लागतो.

आमच्या धंद्यात एक गोष्ट पहिल्या वर्षीच शिकवतात. कास्टिंग सहसा मधोमध तडकत नाही, जिथं जाड भाग संपून पातळ सुरू होतो तिथं, नाहीतर टोकदार कोपऱ्यात तडकतं. बॅगेचंही तेच आहे. पत्रा म्हणा, प्लास्टिक म्हणा, कापड म्हणा, अंग सहसा जात नाही. जातं ते चाक, दांडी आणि चेन. म्हणजे जिथं दोन वेगळ्या वस्तू एकमेकींना धरून असतात ती जागा. आणि दुकानात नेमकं हेच कुणी दाखवत नाही. महाद्वार रोडला जा नाहीतर राजारामपुरीत, पोरगा बॅग समोर ठेवतो, अंगावरून फडकं फिरवतो, आतलं अस्तर दाखवतो, जाळीचा कप्पा दाखवतो, "मॅडम, कलर बघा की कसला हाय!" मी म्हणते, उलटी कर. तो माझ्याकडं बघतो. मी परत म्हणते, उलटी कर बाळा, बूड बघू दे.

बुडाला काय बघायचं, हे मला लक्ष्मीपुरीच्या बाजूला एका बोळात बसणाऱ्या मामांनी शिकवलं. दुकान म्हणजे भिंतीला टेकवलेली एक फळी आणि वर ताडपत्री. खिळ्यांना जुन्या बॅगांच्या दांड्या टांगलेल्या, रंगाच्या रिकाम्या बादलीत नुसती चाकं, एका डब्यात चेनचे रनर, म्हणजे चेन लावताना ओढतो ते. एकदा माझ्या बॅगेचं चाक फिरेना म्हणून घेऊन गेले. मामांनी बॅग मांडीवर आडवी घेतली, आरीचं टोक चाकाच्या आत घातलं आणि ओढायला सुरुवात केली. आधी केस निघाले, मग सुतळीचा एक तुकडा, मग परत केस, मग कुठल्या तरी लग्नातली जरीची तार. हे सगळं आसाला इतकं घट्ट गुंडाळलं होतं की चाक फिरायचं थांबून नुसतं घासत होतं, आणि घासून-घासून एका बाजूनं सपाट झालं होतं.

"वैनी, ह्ये बदलाय लागणार. पर बगा," त्यांनी बॅग माझ्याकडं फिरवली, "खालनं रिबिटा मारल्यात. परत उघडायचीच न्हाई म्हणून बसीवलंय."

"मग?"

"मग काय, डिरिल मारून रिबिट उडवायची, नटबोल्ट टाकायचा. हुतंय, पर वेळ जातोय. इस्क्रूवाली बॅग आणत जावा, चहा येईस्तोवर चाक बदलून देतो."

त्यांनी बादलीतून स्केटिंगच्या बुटांना असतात तसली रबरासारखी दोन मऊ चाकं काढून बसवली. ती बॅग अजून धावते, आणि पहाटे गल्लीतून येताना आवाजही करत नाही. मूळच्या कडक प्लास्टिकच्या चाकांना आमच्या गल्लीतली कुत्री ओळखायची.

तेव्हापासून माझ्या लेखी टिकाऊ बॅग म्हणजे न मोडणारी बॅग नव्हे. न मोडणारी बॅग अजून निघायची आहे. मोडल्यावर आपल्या गावातल्या माणसाला उघडता येते ती टिकाऊ. चाकाच्या घराला स्क्रू आहेत का, दांडीच्या मुळाशी आतल्या अस्तराला चेन आहे का, म्हणजे अस्तर न फाडता दांडीपर्यंत हात जातो का, एवढं बघितलं की निम्मी परीक्षा झाली. दांडी पूर्ण वर ओढून हलवून बघायची. थोडी हललेली चालते, करकरली तर बॅग परत फळीवर. चेनच्या रनरच्या पाठीवर बहुतेक वेळा ५, ८, १० असा आकडा कोरलेला असतो. तो चेनच्या दातांची रुंदी सांगतो, साधारण मिलिमीटरमध्ये. मोठ्या बॅगेच्या मुख्य चेनला ५ नंबर दिसला तर मी पुढचं बोलणं वाढवत नाही. आणि कुलपावर फार भिस्त ठेवू नये. नायलॉनच्या दातांची चेन साध्या बॉलपेनचं टोक खुपसून उघडते आणि रनर एकदा फिरवला की परत मिटतेही, कुलूप आपलं जागच्या जागी.

अंगाचं म्हणाल तर तीन प्लास्टिकं आहेत. स्वस्तात मिळतं ते एबीएस. दिसायला कडक, पण वर्मी फटका बसला की तडकतं. पॉलिकार्बोनेट महाग, ते दबतं आणि परत वर येतं. पॉलिप्रॉपिलिन हलकं आणि चिवट, मंडपातल्या खुर्च्या होतात तेच. दुकानात झाकणाच्या मधोमध तळहात ठेवून जोर द्यावा. दबून ‘टप्’ करून वर आलं तर ठीक, दबायलाच तयार नसेल तर त्या कडकपणाला भुलू नये. कापडी बॅग घ्यायची असेल तर लेबलावर डेनिअर बघायचा. इचलकरंजीत ज्याच्या दारात माग आहे त्याला हे सांगायला नको: ९००० मीटर धाग्याचं वजन जितके ग्रॅम तितका डेनिअर. म्हणजे ६०० पेक्षा १६८० चा धागा जाड, कापडही त्या मानानं दणकट आणि जड. मला स्वतःला बससाठी कापडी आवडते. तिला बाहेरून कप्पे असतात, ती कोंबली की ऐकते, आणि बर्थखाली जागा कमी असली तरी अंग चोरून बसते.

चाकं दोन की चार, यावर आमच्या घरात दोन तट आहेत. चार चाकांची बॅग विमानतळाच्या फरशीवर सुरेख चालते, शेजारी-शेजारी, काही न बोलता. पण स्टँडबाहेरच्या खडीवर तीच चार चाकं चार दिशांना तोंड करतात, आणि महालक्ष्मी एक्स्प्रेसमध्ये गाडीनं वळण घेतलं की बॅग उठून दुसऱ्याच्या सीटकडं निघते. दोन चाकांची तिरकी करून ओढावी लागते, खांदा दुखतो, पण तिची चाकं मोठी असतात, निम्मी बॅगेच्या पोटात असतात, त्यामुळं फेकली तरी वाचतात. हल्ली दुकानात ती शोधावी लागते. फॅशन गेली म्हणतात.

बॅगेला चाक लावायची बुद्धी माणसाला मुळात फार उशिरा झाली. बर्नार्ड सॅडो या अमेरिकन गृहस्थांना त्याचं पेटंट मिळालं १९७२ मध्ये, म्हणजे माणूस चंद्रावर जाऊन आल्यावर. तीही आडवी बॅग, खाली चार चाकं आणि ओढायला पट्टा. दुकानदारांनी आधी त्यांना दारातूनच परत पाठवलं. पुरुषमाणूस बॅग ओढत कसा जाईल, ही एक मोठी अडचण होती. पुढं १९८७ मध्ये रॉबर्ट प्लाथ नावाच्या वैमानिकानं बॅग उभी केली, दोन चाकं ठेवली आणि लांब होणारी दांडी बसवली. पण त्या दुकानदारांची अडचण कोल्हापूरला लगेच समजेल. खासबाग कुस्ती मैदानाच्या गावात, पेठेपेठेत तालीम असताना, भरल्या अंगाच्या माणसानं बॅगेला फरफटत न्यायचं म्हणजे काय? आमचे आबा, म्हणजे माझे सासरे, तरुणपणी तालमीत होते. अजूनही चाकांची बॅग उचलूनच नेतात. "आबा, चाकं हायत की तिला." "हायत तर हायत." त्यांची स्वतःची जुनी व्हीआयपीची कडक सुटकेस लग्नात मिळालेली, चाक नावाला नाही. त्या काळी लग्नात व्हीआयपी येणं म्हणजे मान. बॅगा नाशकात व्हायच्या, मिरवायच्या मात्र आमच्याकडं. आता तिच्यात सातबाऱ्याचे उतारे आणि साखर कारखान्याच्या शेअरचे कागद आहेत, आणि किल्ली आबांच्या जानव्याला नसली तरी कमरेच्या करगोट्याला आहे.

वजनाचा हिशेब मात्र विमान आल्यापासून बदलला. देशातल्या बहुतेक साध्या तिकिटांवर खाली द्यायला १५ किलो आणि हातात ७ किलो. मधल्या मापाची कडक बॅग रिकामीच साडेतीन-चार किलो भरते. म्हणजे पंधरातले चार कंपनीला गेले, एक चपलांना, दोन गुळाला, एक चटणीला. राहिलेल्या सातात माझे कपडे आणि नापास कास्टिंगचा नमुना. त्यामुळं बॅग घेताना मी आधी टॅगवर रिकाम्या बॅगेचं वजन शोधते, मग किंमत. ‘हातातल्या बॅगेवर भागवा, सामानाच्या पट्ट्यापाशी थांबू नका’ असं सांगणारे शहाणे लोक असतात. त्यांच्या गावात तिखट होत नसावं. लाल तिखट विमानात हातातल्या बॅगेत नेऊ देत नाहीत, तेलाची चटणीही अडकते. म्हणजे कोल्हापूरकराला बॅग खाली देणं आलंच. शिवाय उजळाईवाडीला, म्हणजे आमच्या विमानतळावर, येणाऱ्या लहान विमानांत डोक्यावरचा कप्पाही लहान. जास्त फुगलेली बॅग तिथं कोंबता येत नाही, ती शिडीपाशीच काढून घेतात. तेवढ्यात पॉवर बँक मात्र आठवणीनं बाहेर काढायची, ती खाली चालत नाही.

पैशांचं फार बोलण्यात अर्थ नाही. टॅगवर नऊ हजार आणि त्यावर सत्तर टक्के सूट, हा सेल बारा महिने तेरा काळ चालू असतो, तेव्हा सुटीकडं न बघता शेवटचा आकडा बघावा. तीन बॅगांचा सेट स्वस्त पडतो हे खरं, पण त्यातली सर्वांत मोठी माळ्यावर जाते, तिच्यात गोधड्या भरतात आणि ती पुढं कपाट म्हणूनच जगते. वॉरंटीच्या कागदावर चाक आणि दांडी धरली आहे का, आणि सर्व्हिस सेंटर कोल्हापुरात आहे की पुण्यात, एवढं विचारावं. मोडकं चाक दाखवायला पुण्याला जायचं, तेही त्याच बॅगेतून? विमानात बॅग फुटली तर विमानतळ सोडायच्या आधी, तिथल्या तिथं, विमान कंपनीच्या काउंटरवर लिहून द्यावं. घरी आल्यावर सांगितलं की कुणी दाद देत नाही.

राहता राहिली स्टाइल. रुबाबाशिवाय कोल्हापुरात काहीच खपत नाही, त्यामुळं ती शेवटी आली म्हणून कमी समजू नका. माझं मत, चकचकीत अंगावर जाऊ नये, पहिल्याच फेरीत ओरखडे उठतात. बारीक खरबरीत नक्षीचं, बिनचमकीचं अंग वर्षभर नवं दिसतं. रंग गडद लाल किंवा बाटली हिरवा, तेलाचा डाग पचतो. पट्ट्यावर सगळ्यांच्या काळ्या-निळ्या बॅगा गोल-गोल फिरत असतात तेव्हा आपली ओळखायला मी दांडीला कोल्हापुरी चपलेचा लाल गोंडा बांधलाय. बेंगळुरूला एका परक्या माणसानं तो बघून "कोल्हापूर?" असं विचारलं होतं. त्याचं आजोळ पन्हाळ्याचं निघालं.

लेकीला हे काही पटत नाही. ती पुण्याला शिकायला निघाली तेव्हा तिला मोहरीच्या फुलासारखी पिवळीधमक, चकचकीत, चार चाकांचीच बॅग हवी होती. बरं म्हटलं. दुकानात मी ती पिवळी बॅग उलटी केली, खाली बसले, पर्समधला चष्मा लावला आणि एकेक स्क्रू बघायला लागले. लेक हळूच तीन फळ्या पलीकडं जाऊन दुसऱ्याच कुणाची तरी मुलगी असल्यासारखी उभी राहिली. दुकानातला पोरगा तिच्याजवळ गेला. "तुमच्या मम्मी ग्यारेजमधी असत्यात काय?"

"फौंड्रीत," ती म्हणाली. "आज हातोडी घरी विसरलीया, नशीब समजा."