क्रेयॉनची खूण

आज बाबांच्या जुन्या रेकॉर्ड पुसत बसले होते आणि डोक्यात सारखा ग्रँडमास्टर फ्लॅश, हिप-हॉपच्या सुरुवातीच्या काळातला डीजे. जन्म १९५८ चा, बार्बाडोसचा, वाढला न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समधे, वडिलांच्या रेकॉर्डना हात लावायची बंदी तरी लावायचाच आणि मार खायचा. पुढे शाळेत इलेक्ट्रॉनिक्स शिकला, भंगारातले पार्ट आणून सिस्टीम जुळवली, आणि मग गाण्यातला नुसत्या ड्रमचा तुकडा जिथे सुरू होतो तिथे रेकॉर्डवर क्रेयॉनने खूण, त्याच गाण्याच्या दोन रेकॉर्ड दोन प्लेअरवर, एक वाजतेय तोवर दुसरी मोजून तेवढेच फेरे उलटी फिरवायची, म्हणजे काही सेकंदांचा तुकडा संपतच नाही!! आणि तेव्हा रेकॉर्डवर बोटं ठेवणं म्हणजे पाप होतं हो.

मी पण आज रेकॉर्डखाली फेल्टचा (जाड लोकरी कापडाचा) गोल कापून घातला, हलकेच बोट टेकवलं. खालची थाळी फिरतेय, वर रेकॉर्ड थांबलेली. अंगावर काटाच आला