तुम्ही विचारलंत म्हणून: मूल्यशिक्षणाचा तास कधी असतो?

प्रवेशाच्या दिवसांत पालक विचारतात, नव्याने रुजू झालेले शिक्षकही विचारतात: पहिली ते चौथीच्या मुलांना समानता, बंधुता, एकमेकांचा आदर हे सगळं शिकवता कसं? त्याचा तास कधी असतो?

तास असतो, पण माझी खरी भिस्त त्यावर नाही. परिपाठात प्रतिज्ञा होते, २६ जानेवारी २०२० पासून महाराष्ट्रातल्या शाळांत संविधानाच्या उद्देशिकेचं वाचनही सुरू झालं, आणि ते व्हायलाच हवं. पण प्रतिज्ञेतलं एक वाक्य नीट पाहा. पालक, गुरुजन आणि वडीलधाऱ्यांचा मान ठेवीन, हा त्याचा पहिला भाग. प्रत्येकाशी सौजन्याने वागेन, हा दुसरा. पहिल्याचा सराव दिवसभर चालतो. बाई वर्गात आल्या की सगळे उभे. शेजारी बसलेल्या मुलाशी सौजन्याने वागायचा सराव मात्र वेळापत्रकात कुठेच नसतो. तो रोजच्या कामांतच घालावा लागतो.

सुरुवात कामांच्या चक्रापासून करा. जाड पुठ्ठ्याच्या दोन चकत्या कापा, एक मोठी, एक लहान. मधल्या भोकातून फाइलचा टॅग ओवा. टाचणी टोचते आणि आठवड्यात निघून येते. मोठ्या चकतीवर सहा कामं: झाडणं, फळा, पाणी, पुस्तकांची पेटी, कुंड्या, वह्या वाटणं. लहान चकतीवर सहा गट. ३६ मुलांचा वर्ग असेल तर गटात सहा, मुलगे-मुली मिसळून. गटांना ‘हुशार’, ‘मध्यम’ अशी नावं चुकूनही देऊ नका. ऐरोली-वाशीच्या मुलांना खाडी जवळची, म्हणून फ्लेमिंगो, खंड्या, बगळा, शेकाट्या, पाणकावळा, घार अशी नावं चालतात. दर सोमवारी मुलांनीच चकती एक घर पुढे सरकवायची. सहा आठवड्यांत प्रत्येक काम प्रत्येक गटाकडे येऊन जातं.

बिघडतं ते गटाच्या आत. झाडण्याचा आठवडा आला की झाडू मुलींच्या हातात जातो आणि मुलगे बाकं सरकवून मोकळे होतात. म्हणून त्या आठवड्यात झाडू कोणत्या वारी कोणाकडे, ते नावानिशी लिहून भिंतीवर लावा. दुसरी चूक आपल्याकडून होते: उशिरा आलेल्याला झाडायला लावणं. झाडणं एकदा शिक्षा ठरलं की ते काम करणारी माणसंही मुलांच्या नजरेतून उतरतात, आणि त्याच वर्गात घंटागाडीवर काम करणाऱ्याचं मूल बसलेलं असतं. शौचालयाची सफाई मात्र मुलांकडे कधीच द्यायची नाही. ते आरोग्याच्या दृष्टीने धोक्याचं, आणि ते काम कोणाच्या गळ्यात पडतं हे आपल्या समाजात सगळ्यांना माहीत आहे. बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहिणारा मॉनिटरही बंद करा. दोन दिवसांत तो मित्रांची नावं गाळायला लागतो आणि बाकीची मुलं त्याची मनधरणी करायला लागतात.

पोषण आहाराची पंगत हा माझ्या मते शाळेतला सगळ्यात महत्त्वाचा अर्धा तास. पाचवीपर्यंतच्या मुलाला १०० ग्रॅम धान्य ठरलेलं आहे; ते कोण वाढतं, कुठून सुरुवात होते, कोण कोणाशेजारी बसतं, हे शाळेने ठरवायचं. गटवार बसवा. वाढायला रोज वेगळ्या टोकापासून सुरुवात करा, नाहीतर शेवटच्या मुलाला रोज तळाचं मिळतं. सगळ्यांना पहिली वाढ झाल्याशिवाय कोणाला दुसरी नाही. घरून डबा आणणारी मुलं वेगळी बसत असतील तर त्यांनाही त्याच पंगतीत घ्या. आणि शिक्षकाने त्यांच्यातच, त्यांच्यासारखंच जमिनीवर बसून जेवावं. कोणाची जात कोणती, हे मुलं पंगतीतल्या अंतरावरून शिकतात.

भांडणं होणारच. ‘सॉरी म्हण’ म्हणून ती मिटत नाहीत. मूल शब्द उच्चारतं आणि मधल्या सुट्टीत हिशोब पुरा करतं. आधी दोघांना वेगळं करा, पाणी प्यायला लावा. मग वर्गाबाहेर, एकाने सांगायचं आणि दुसऱ्याने मध्ये न बोलता ऐकून तेच परत सांगायचं: ‘तू म्हणतोस, मी तुझी वही ओढली.’ मग उलट. शेवटी एकच प्रश्न: आता काय केलं म्हणजे बरं वाटेल? उत्तर हाताने करता येण्यासारखं हवं. फाटलेलं पान चिकटवून देणं, भिजलेला मजकूर उतरवून देणं. दहा मिनिटं लागतात. पण एक मूल दुसऱ्याला सतत छळत असेल तर दोघांना असं समोरासमोर बसवू नका. दबलेलं मूल भीतीपोटी कशालाही ‘हो’ म्हणतं. तिथे दोघांशी वेगवेगळं बोला आणि पालकांना बोलवा. हात उचलणं तर नाहीच: शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळही बंद केला आहे, आणि चारचौघांत अपमान त्यातच मोडतो.

आपल्याकडे दिघा, तुर्भे स्टोअर किंवा ठाण्यातल्या लोकमान्यनगरच्या वर्गांत आगरी, मराठवाडी, कन्नड, भोजपुरी बोलणारी मुलं एका बाकावर बसतात. बांधकामावरच्या मजुरांची मुलं वर्षाच्या मधेच दाखल होतात, तो त्यांचा हक्कच आहे. ‘ए भय्या’, ‘ए काळ्या’ ही हाक बरेचदा मोठ्यांकडून उचललेली असते, म्हणून हजेरी घेताना प्रत्येकाचं नाव त्याच्या घरी उच्चारतात तसंच उच्चारा. नाव चुकवून वर्गाला हसवणारा शिक्षक मुलांना परवानाच देतो. शुक्रवारी पाच मिनिटं एका मुलाच्या घरचे पाच शब्द फळ्यावर घ्या: ये, बस, जेव, थांब, पाणी. पुढचा आठवडाभर वर्गाने ते वापरायचे. आधी त्या मुलाला विचारा. नको म्हणालं तर आग्रह नको. आणि आदिवासी पाड्यावरचं मूल आहे म्हणून त्याला नाचून दाखवायला सांगू नका.

घरी काय करावं, हा पालकांचा पुढचा प्रश्न. भावाबहिणीने आपापलं ताट स्वतः धुवावं. सोसायटीचे वॉचमन आणि घरी येणाऱ्या मावशी यांना नावाने, काका-मावशी म्हणून हाक मारायची, आणि त्या गेल्यावरही त्यांच्याबद्दल तसंच बोलायचं. शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळांत गरीब आणि वंचित घरांतल्या मुलांसाठी ठेवलेल्या पंचवीस टक्के राखीव जागांतून आलेल्या मुलाला वाढदिवसाला बोलवायचं की नाही, हा प्रश्न मुलासमोर चर्चेला घेऊ नका. वर्गातली मुलं बोलावताय ना, मग तोही वर्गातलाच.