तुम्ही विचारलेत म्हणून: स्वतः नाटककार असून मी नेटवरच्या कॉपीराइटच्या कडक कायद्यांच्या विरोधात का?

"तुमचीच नाटके चोरली जातात, आणि तुम्ही चोराची बाजू कशी काय घेता?" हा प्रश्न गडचिरोली जिल्ह्यातल्या देसाईगंजच्या आमच्या नाटकांच्या बुकिंग कार्यालयात नेहमीचा झाला आहे. लग्नाच्या पंगतीतही तो सुटत नाही, आणि एकदा तर प्रयोगाच्या मध्यंतरात आमच्याच मंडळाच्या खलनायकाने तोंडाचा रंगही न पुसता तो विचारला. नेटवर चढणारी प्रत्येक गोष्ट यंत्राने आधीच तपासावी, तक्रार येताच ती काढून टाकावी, कॉपीराइटचे नियम असे कडक करावेत, ही मागणी निघाली की मी विरोधात बोलतो हे सर्वांना ठाऊक आहे. का बोलतो, हे ऐकून घेण्याइतकी फुरसत कोणाला नसते, म्हणून एकदाचे लिहून टाकतो.

पहिली गोष्ट म्हणजे मी कॉपीराइटच्या विरोधात नाही. झाडीपट्टीत, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भात, नाटक लिहिणाऱ्याच्या हाती काय पडते, ते हा प्रश्न विचारणाऱ्यांना सांगण्याची गरज नाही. भाऊबीज झाली की हंगाम सुरू होतो आणि होळीच्या आसपास संपतो. तेवढ्या काळात गावोगावची मंडळे आमचा प्रयोग ठोक रकमेला घेतात आणि तिकिटे लावून ती रक्कम काढतात. हंगामाच्या आरंभीच कोणी अख्खे नाटक मोबाइलवर चित्रित करून नेटवर टाकले, तर पुढच्या गावचे मंडळ बयाणा देण्याआधी दहा वेळा विचार करते. शामियान्यातल्या खोलगट जागेत हजारो माणसे बसलेली असतात आणि त्यांच्यात कुठेतरी एक निळसर चौकोन पहिल्या अंकापासून हलत नाही. तो दिसला की संवाद विंगेत बसून ऐकणाऱ्या माझ्या पोटात आजही कालवते. या नुकसानीला मी कधी लहान म्हटलेले नाही.

उलट, काही वर्षांपूर्वी मीच याच्या नेमके विरुद्ध भाषण ठोकत होतो. चित्रपटगृहात चोरून चित्रण करणाऱ्याला तीन महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद देणारी दुरुस्ती 2023 मध्ये सिनेमॅटोग्राफ कायद्यात झाली, तेव्हा ती नाटकाला का नाही, असा माझा सवाल होता. 1957 च्या कॉपीराइट कायद्यातल्या कलम 63 मध्ये कैदेची तरतूद आहेच, आणि हा गुन्हा दखलपात्र असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये सांगितले आहे, हेही मी टाळ्या घेत सांगायचो. तेव्हाचा तो मी खोटे बोलत नव्हतो. आजही त्याच्याशी माझा वाद होतो, तेव्हा तो निम्मा जिंकतो. तो विचारतो, "मग लिहिणाऱ्याने खावे काय?" आणि मजजवळ त्याला पटेल असे उत्तर नसते.

परंतु त्याने पाहिले नव्हते ते मी नंतर पाहिले.

हल्ली बुकिंगला येणारी पोरे नाटकाचे नाव ऐकत नाहीत, खुर्चीवर बसता बसता मोबाइल पुढे करून म्हणतात, "जाहिरात दाखवा." त्यासाठी आम्ही आमच्या नव्या नाटकातले काही प्रसंग व्हिडिओंच्या एका मोठ्या मंचावर टाकले होते. त्यात दुसऱ्या अंकातले दंडारीच्या, म्हणजे आमच्याकडच्या लोकनाट्याच्या, चालीवरचे एक गाणे होते. शब्द माझे, चाल माझ्या वडिलांच्या तोंडची, आणि वडिलांना ती कोठून मिळाली हे त्यांनाही ठाऊक नव्हते, कारण दंडार गावात सगळेच म्हणत. दिवाळी तोंडावर आलेली, कार्यालयात गर्दी, आणि एका सकाळी आमच्या जाहिरातीच्या जागी करडा चौकोन व त्यात इंग्रजीची एक ओळ. पुतण्याने ती वाचली आणि म्हणाला, "काका, थे म्हनतेत का हे गानं त्याइचं आहे."

ते म्हणजे गाण्यांच्या ध्वनिमुद्रिका काढणारी एक कंपनी. तिने केव्हातरी हीच चाल नव्या ठेक्यावर बसवून मुद्रित केली होती. त्यात गैर काही नाही. लोकांची चाल आहे, कोणीही गावी, कोणीही मुद्रित करावी. कायद्याने त्या कंपनीचा हक्क तिच्या मुद्रणावर आहे, तोही प्रकाशनानंतर 60 वर्षे, चालीवर नाही. मात्र दोन गाण्यांतले साम्य शोधणाऱ्या यंत्राला हा भेद कळत नाही. त्याला ओळखीचा सूर लागला आणि त्याने आमचा व्हिडिओ उतरवला. ध्वनिमुद्रण आमचे, ऑर्गन आमचा, ढोलकी आमची, तरी मालक ते.

हरकत घेण्याची सोय होती, नाही असे नाही. अर्ज इंग्रजीत होता. त्यात पूर्ण नाव, पत्ता आणि दूरध्वनी द्यायचा, तो तक्रारदाराला कळवला जाईल हे मान्य करायचे, आणि वाद पुढे गेलाच तर परदेशातल्या न्यायालयाचा अधिकार आपल्याला कबूल आहे, असे लिहून द्यायचे. आरमोरीच्या पलीकडे राहणाऱ्या माणसाने! शेवटी पुराव्याची जागा. वडिलांचे बाड पेटीतून काढले, कापड सोडले, पाने ओसरीवर पसरून पुतण्याने छायाचित्रे घेतली. शाई उडालेली, कडा वाळवीने खाल्लेल्या, काही पानांवर तेलाचे डाग. गाण्याचे शब्द होते, पण चाल कोण कागदावर लिहितो? वरच्या कोपऱ्यात फक्त "दंडारीची चाल" असे लिहिलेले. ती छायाचित्रे पाठवली आणि काही वेळातच ठरीव शब्दांचे उत्तर आले की पुरावा अपुरा आहे. अशा आणखी तक्रारी आल्यास संपूर्ण खातेच बंद होईल, अशी ताकीद सोबत होती, आणि त्या खात्यात आमच्या मागच्या हंगामांची सगळी नाटके होती.

गडचिरोलीच्या वकिलांना भेटलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि सांगितले की खटल्याचा खर्च नाटकाच्या मिळकतीपेक्षा जास्त होईल. मी हरकत मागे घेतली. पहिल्या प्रयोगाच्या दिवशी तालमीत आमच्या ढोलकीवाल्या काकांनी विचारले, "मंग हे वाजवाचं का नाही?" माणूस माझ्या वडिलांबरोबर वाजवलेला. मी म्हटले, या हंगामात दुसरा ठेका धरा. त्यांनी मान हलवली आणि धरला. नाटक झाले, टाळ्याही पडल्या. होळीनंतर, हंगाम संपल्यावर, तो व्हिडिओ आपोआप परत दिसू लागला. कोणी का काढला होता आणि कोणी का लावला, याचे एका ओळीचेही स्पष्टीकरण आले नाही. तोवर काही गावे दुसऱ्या कंपन्यांकडे गेली होती.

हे ऐकल्यावर लोक म्हणतात, हा एका यंत्राचा दोष झाला, कायद्याचा नव्हे. मीही काही दिवस तसेच समजत होतो. नंतर कायदा वाचला. आपल्याकडे कॉपीराइट कायद्याच्या 2012 च्या दुरुस्तीने आणि तिच्यामागून आलेल्या 2013 च्या नियमांनी एक बरी गोष्ट केली आहे. तक्रार आल्यावर, तीत तथ्य वाटल्यास, मजकूर ठेवणाऱ्याने 36 तासांत तो दिसेनासा करावा, पण तक्रारदाराने 21 दिवसांत न्यायालयाचा हुकूम आणला नाही तर तो पुन्हा दाखवता येईल. म्हणजे धावपळ करायची ती तक्रारदाराने. फक्त त्यात "दाखवता येईल" आहे, "दाखवलाच पाहिजे" नाही, आणि बडे मंच मुळात आपापल्या नियमांनी चालतात. जी थोडी बाजू आमच्याकडे झुकलेली आहे, ती इतकीच. आता कडक कायदा मागणारे नेमकी तीच काढून घ्यायला निघाले आहेत.

युरोपात 2019 मध्ये ते झाले. युरोपीय संघाच्या कॉपीराइट निर्देशाच्या कलम 17 ने मंचांनाच जबाबदार धरले, आणि जबाबदारीतून सुटायचे तर मजकूर चढण्याआधीच चाळणे आले. जर्मनीतल्या शहरांत त्याविरुद्ध हजारो लोक रस्त्यावर उतरले होते. पोलंडने न्यायालयात आव्हान दिले. 2022 मध्ये युरोपीय न्यायालयाने कलम कायम ठेवले, पण वैध आणि अवैध यांतला भेद ज्या यंत्राला पुरेसा कळत नाही ते चालणार नाही, असेही बजावले. अमेरिकेत त्याआधीच अशा विधेयकांविरुद्ध 18 जानेवारी 2012 रोजी इंग्रजी विकिपीडियाने दिवसभर दार लावून घेतले होते, आणि ती विधेयके बारगळली. आपल्याकडे 2017 मध्ये चित्रपटांच्या चोरीविरुद्धच्या एका न्यायालयीन आदेशात हजारो संकेतस्थळांची यादी गेली आणि तीत जुनी पाने जपून ठेवणारे इंटरनेट अर्काइव्हही बंद झाले. सुक्याबरोबर ओले जळते ते असे.

कोणी म्हणेल, हे मोठ्यांचे वाद, झाडीपट्टीचा यात काय संबंध? ज्यांच्या जवळ नोंदणीची कागदपत्रे आहेत, यंत्र त्यांचेच ऐकते, आणि आमच्याकडे कागद नाहीत, एवढाच संबंध. झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा आम्ही मिरवणुका काढल्या, पण या रंगभूमीची बहुतेक चाली-गाणी आजही तोंडात आणि बाडांत आहेत. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कंपन्यांना सरसकट परवाना देऊन एकाच संस्थेमार्फत मोबदला गोळा करण्याचा प्रस्ताव केंद्राच्या समितीने 2025 च्या डिसेंबरमध्ये मांडला, तेव्हा आमच्या लेखक मित्रांना आनंद झाला. मला पहिली शंका आली ती ही की यादीत नाव कोणाचे असेल. दंडारीच्या चालीचा मोबदला घ्यायला कोण जाणार? बहुधा जो ती आधी मुद्रित करून नोंदवील तो.

मला चालेल असा कायदा काय, असे कोणी नीट विचारले तर मी सांगतो: काढण्याआधी समोरच्याला मराठीत कळवा, त्याचे माणसाने ऐकून घ्या, खोटी तक्रार करणाऱ्याला दंड करा, आणि 21 दिवसांनंतरचे परत दाखवणे सक्तीचे करा. खलनायकाला मी हेच सांगितले होते. तो आरशात मिशी नीट करीत म्हणाला, "भाऊ, तुमचं नाटक पोराने काल नेटवर टाकलं. त्याला मराठीत कळवायचं, त्याचं ऐकून घ्यायचं, तोवर आपला हंगाम गेला." त्याचे हे म्हणणे मला खोडता आलेले नाही. तिसरा अंक सुरू व्हायचा होता म्हणून आम्ही दोघे तिथेच थांबलो; वाद अजून चालू आहे.