खाडीवरचे कवडसे

विरार लोकलने भाईंदर सोडलं की चाकांचा आवाज एकदम पोकळ होतो, खारा वारा आत घुसतो आणि माझा हात आपोआप खिशातल्या मोबाइलकडे जातो. वसईची खाडी आली. नायगाव येईपर्यंत पश्चिमेचं अख्खं आभाळ मोकळं. मुंबईत एवढं सलग आभाळ बघायचं तर एरवी चौपाटी गाठावी लागते.

परतीच्या पावसाच्या दिवसांत तिथं फार बहार असते. काळ्या ढगाला चार ठिकाणी भोकं पडतात आणि त्यातून उन्हाचे झोत तिरपे खाली उतरतात. लहानपणी दोन डोंगरांमधला सूर्य काढून त्याला पट्टीने रेघा मारायचो, अगदी तस्से. फोटो मात्र दारातून काढायचा नाही. फटका मारून मोबाइल उडवणारे काठीवाले आभाळ बघून थांबत नाहीत. त्यामुळे माझ्या निम्म्या फोटोंत खिडकीचे गज आडवे आणि किरण तिरपे.

या झोतांची माझी ओळख जुनी, लालबागच्या चाळीतली. वरच्या मजल्यावरची आमची खोली कौलारू होती आणि फुटक्या कौलातून सकाळी एक कवडसा जमिनीवर पडायचा. फट वाकडीतिकडी, पण कवडसा गोल. तो सूर्याचाच गोल होता हे पुष्कळ उशिरा कळलं. पण कौलापासून जमिनीपर्यंतचा झोत काही दिसायचा नाही. आईने फोडणी टाकली की धुरात तो उभा राहायचा, पांढऱ्या दांड्यासारखा, आणि धूर विरला की गायब. मग मी तिथं गोधडी झटकायचो. धुळीचा एकेक कण चमकत वर चढायचा आणि आईचा आवाज त्याहून वर.

शाळेच्या पुस्तकात पुढे याला टिंडल परिणाम म्हणतात असं वाचलं. प्रकाश बाजूने जाताना दिसत नाही. वाटेत धूळ, धूर, पाण्याचे बारीक थेंब असं काहीतरी लागतं, त्यावरून तो विखुरला की आपल्याला दिसतो. खाडीवर हे साहित्य मुबलक. वर ढगांच्या सावल्या पडतात आणि त्या सावल्यांच्या मधे उरतो तो झोत. म्हणजे आपण फोटो काढतो तो निम्मा सावलीचाच.

आणि हे झोत वरून पंख्यासारखे फाकतात, तीही फसवणूकच. सूर्य जवळपास 15 कोटी किलोमीटरवर, त्याचे किरण इथं येतात ते समांतर. प्लॅटफॉर्मच्या टोकाला उभं राहिलं की लांबवर रूळ एकमेकांना टेकल्यासारखे दिसतात ना, तोच प्रकार. एकदाच, गाडीत चक्क जागा होती तेव्हा, सहज पूर्वेच्या खिडकीकडे वळून पाहिलं तर तुंगारेश्वराच्या डोंगरामागे फिकट पट्टे पुन्हा एका बिंदूकडे चाललेले. पश्चिमेकडून निघालेलेच ते, डोक्यावरून पलीकडे गेलेले. मी शेजारच्या गृहस्थांना दाखवले. ते "हो का" म्हणाले आणि पुन्हा डुलकीला लागले.

मोबाइलचं वागणं मात्र कळायला मला तीन पावसाळे लागले. त्याला अंधार म्हणजे चूक वाटते. काळा ढग दिसला की तो मायेने उजळवतो, सावल्या भरून काढतो आणि झोत पुसून टाकतो. येतं काय, तर राखाडी आभाळ. उपाय सोपा आहे: आभाळातल्या सगळ्यात उजळ जागी बोट टेकवायचं, शेजारी छोटासा सूर्य उमटतो, तो खाली ओढायचा. सूर्य मावळवला की किरण उगवतात! खाडी काळी पडते, पडू द्यावी. खरा सूर्य मात्र ढगाआडच हवा. तो बाहेर आला की सगळं पांढरंफटक.

गेल्या ऑक्टोबरात एक फोटो मनासारखा जमला. पाच झोत, खाली एक होडी, आणि गज नाहीत. घरच्या ग्रुपवर टाकला. मावशीने हात जोडले, मामांनी "कुठलं हे?" विचारलं, "नायगाव" म्हटल्यावर विषय संपला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर तोच फोटो आला. होडीवर गुलाबाचं फूल, आणि पाचही झोतांवर आडवं, पिवळ्या अक्षरांत, "सुप्रभात".